शॉकअप कोणते घ्यायचे?

मी शारजामध्ये रोल्ला भागात राहतो. ‘रोल्ला’ म्हणजे वड. इथल्या एका जुन्या वडावरून या भागाला हे नाव पडलं. आमच्या इमारतीत रत्नागिरीचे एक काका राहतात. त्यांच्याकडे एक जुनी पिकअप आहे. तांदळाची पोती आणि तेलाचे डबे ते दुकानांत पोचवतात. त्यांचं घर याच गाडीवर चालतं.

पुढच्या महिन्यात गाडीचं पासिंग होतं. पासिंग झालं नाही तर मुल्किया, म्हणजे गाडीचा परवाना, नवा होत नाही. आणि गाडीची तक्रार अशी: मागची बाजू खाली बसलेली. स्पीडब्रेकर ओलांडला की गाडी बराच वेळ डुलत राही. काका मला म्हणाले, “तू कॉम्प्युटरवाला ना? नेटवर बघून सांग रे, कोणते शॉकअप घेऊ? एक जण म्हणतो, सगळ्यात कडक घ्या, गाडी आपोआप वर उचलली जाईल.”

तुम्हाला काय वाटतं? हा सल्ला बरोबर आहे का?

नाही. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाहीत. मागच्या चाकांवर एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या असतात. त्यांना मेकॅनिक ‘पाटे’ म्हणतात. वजन ते पेलतात. शॉकअपचं काम वेगळं. झोपाळ्याला झोका दिला की तो हलतच राहतो. कुणी हात लावला की थांबतो. शॉकअप म्हणजे तो हात. त्याच्या आत तेल असतं. दट्ट्या हलला की तेल बारीक भोकांतून जातं आणि हिसका उष्णतेत बदलतो. काहींमध्ये तेलासोबत दाबाखाली नायट्रोजन वायू भरतात. त्यामुळे तेलाला फेस कमी येतो. गाडी दिवसभर ओझं वाहते तेव्हा याचा उपयोग होतो.

मग आम्ही गाडीखाली वाकून पाहिलं. मागच्या एका शॉकअपवर तेल ओघळलं होतं. इथल्या उन्हात रबरी बुश सुकतात, तसे ते तडकले होते. टायर एकसारखे न झिजता जागोजागी झिजले होते. पाट्यांचा बाक गेला होता, ते जवळजवळ सपाट झाले होते.

पैसे मोजकेच होते. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुने सुटे भाग भरपूर मिळतात. काकांनी ठरवलं: पाटे जुने चालतील, कारण चीर आणि बाक डोळ्यांना दिसतो. शॉकअप मात्र नवेच. जुन्या शॉकअपचं आतलं काही बाहेरून कळत नाही. आणि एक खराब असला तरी मागचे दोन्ही बदलायचे. नाहीतर एक बाजू वेगळी वागते. बुशही नवे.

मेकॅनिकने विचारलं, “एक जादा पाटा टाकू का? जास्त माल मावेल.” काका म्हणाले, “नको. सकाळी गाडी भरलेली असते, दुपारी रिकामी. जादा पाटा टाकला तर रिकामी गाडी उड्या मारेल. शिवाय पाटा वाढला म्हणून ब्रेक थोडेच वाढतात?”

हे वाक्य मला फार पटलं. चाक जमिनीला टेकलेलं असेल तरच ब्रेक लागतो. खराब शॉकअपवर चाक उडत राहतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. काकांच्या शेजारच्या सीटवर रोज एक मदतनीस पोरगा बसतो, समोरून रस्ता ओलांडणारी माणसं असतात. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही.

गाडी पास झाली. आता तुम्ही घरच्या गाडीचा एक कोपरा दाबून सोडा. ती एकदा वर येऊन थांबते, की डुलत राहते? पाहा, आणि आईबाबांना मराठीत सांगा.