कृष्णाबाईची ओटी

माघ वद्यांत आम्ही वाईस जाऊन पोंचलों, तेव्हां घाटावर कृष्णाबाईचा उत्सव चालू होता. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना वाई ठाऊक असेल ती ढोल्या गणपतीमुळें किंवा विश्वकोशामुळें. परंतु या दिवसांत तेथें जाऊन घाटावरच्या पंगतीला बसल्याखेरीज वाई पाहिली असें कोणीं म्हणूं नये. गांवांतील सात घाटांवर एकामागून एक हा उत्सव होतो. प्रत्येक घाटाची आपली निराळी कृष्णाबाई, आपला मांडव, आपलें कीर्तन आणि आपली पंगत. नदीलाच देवी मानून तिची मूर्ति मांडवांत बसवावयाची, आणि जिची मूर्ति ती चार पायऱ्यांखालीं आपली संथ वाहत असावयाची, असा हा प्रकार आहे. अफझुलखानाच्या स्वारीचें संकट टळावें म्हणून कृष्णेला केलेल्या नवसांतून हा उत्सव निघाला, असें परंपरा सांगते. गुरु कन्या राशीस आला म्हणजे प्रत्यक्ष गंगा कृष्णेच्या भेटीला येते, ही श्रद्धाहि याच कांठची. असा कन्यागताचा योग बारा वर्षांनीं एकदां येतो, आणि २०१६ सालीं तो आला तेव्हां या घाटांवर पाय ठेवावयास जागा नव्हती.

ढोल्या गणपतीच्या देवळाला मात्र या खेपेस आम्हीं समोरून हात जोडले आणि मुद्दाम पाठीमागें जाऊन पाहिलें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ च्या सुमारास बांधलेल्या या देवळाची नदीच्या अंगाची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळून दुभंगावा आणि दोहों बाजूंनीं निघून जावा, अशी ती योजना. नदीला नवस करणाऱ्या गांवानेंच तिच्या पुराचा हिशेबहि असा दगडांत मांडून ठेवला आहे, हें पाहून आम्हांस मोठी गंमत वाटली.

आम्ही पुण्याहून निघण्यापूर्वीं सांगलीच्या मावशीनें फोनवर बजावलें होतें, "वाईला उतरणारच आहांत, तर सूनबाईच्या हातून कृष्णाबाईची ओटी भरवून या. माझ्या नांवानें नको, नुसतीच भरा. कां तें आल्यावर सांगेन." नांवानें नको, हें कोडें कांहीं उलगडेना. तरी आमच्या मंडळींनीं खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी असें सर्व यथासांग घेऊन ओटी भरली, आणि चिमूटभर तांदूळ प्रसादाचे म्हणून मावशीसाठीं रुमालांत बांधून घेतले.

साताऱ्यास आम्ही फार रेंगाळलों नाहीं. माहुलीस जाऊन वेण्णा कृष्णेला मिळते तें पाहिलें आणि गांवांत येऊन कंदी पेढे घेतले. खवा तांबूस होईपर्यंत भाजावा आणि साखर बेतानें घालावी, एवढेंच त्यांतलें रहस्य. परंतु तेवढें न साधल्यामुळें इतर गांवचे पेढे नुसते गोड लागतात. कोरेगांवाकडील वाघ्या घेवडाहि शेरभर बांधून घेतला. त्याच्या अंगावरचे लाल पट्टे पाहिले म्हणजे नांव कोणीं ठेवलें असेल हें विचारावें लागत नाहीं. कराडला कोयना समोरून येऊन कृष्णेच्या गळ्यांत पडते. तेथून पुढें नदीचें पात्र आणि कांठची काळी माती दोन्ही अशीं भरदार होत जातात कीं वाईस पायऱ्यांखालीं पाहिलेली ती हीच, हें खरें वाटेनासें होतें.

सांगलीस मावशीचें घर गांवभागांत, नदीपासून हांकेच्या अंतरावर. पानावर कृष्णाकांठच्या वांग्यांचें भरीत, शाळूची भाकरी, लोण्याचा गोळा, ओल्या हळदीचें लोणचें आणि शेवटीं खपली गव्हाची हुग्गी. हुग्गी हें नांव कानडी आणि पदार्थहि तिकडूनच आलेला. परंतु सांगली-मिरजेच्या घरांतून तो आतां पुरणपोळीच्या शेजारीं मानानें बसतो. या वांग्याचें वर्षाचें चक्र मात्र मोठें शिस्तीचें आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा आणि वांगें मनसोक्त खाऊन घ्यावयाचें. एकादशीपासून चातुर्मासांत दोन्ही वर्ज्य. मग मार्गशीर्षांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवावयाचा आणि तेव्हां कोठें वांगें पुन्हां पानांत यावयाचें. पूर्वीं सबंध आळी हें पाळीत असे. आज मावशी एकटी पाळते, आणि वहिनी, म्हणजे तिची सून, त्या चार महिन्यांत दोन भाज्या करते. त्यावरून त्या घरांत शब्दाला शब्द लागलेला आम्हीं कधीं ऐकला नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं हरिपूरला जाण्याचा बेत ठरला. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचें हें जन्मगांव. येथें वारणा कृष्णेला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचें देऊळ आहे. परंतु हरिपूरची खरी नवलाई जमिनीखालीं होती. येथील माती अशी घट्ट कीं तींत पाणी सहसा झिरपत नाहीं; म्हणून सांगलीच्या बाजारांतील हळद पेवांत सांठवावयाची ती याच गांवीं. पेवाचें तोंड माणूस उतरेल एवढेंच अरुंद, आणि पोट मात्र रांजणासारखें सुटलेलें. आंतून तें सारवून, पाला-चटया लावून हळद भरली आणि तोंड बुजवून टाकलें, कीं वर्षानुवर्षें तिला कीड लागत नसे. उघडतांना कोणी एकदम आंत उतरत नसे. तोंड मोकळें करून आंतली कोंडलेली हवा जाऊं द्यावयाची, मग कंदील सोडून पाहावयाचा; कंदील विझला नाहीं तरच माणूस उतरावयाचा. २००५ च्या पुरांत या पेवांत पाणी शिरलें आणि हळद कुजून गेली. तेव्हांपासून पेवांवरचा विश्वास उडत जाऊन माल शीतगृहांत जाऊं लागला. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें अशा रीतीनें पेवांचा काळ मागें पडल्यावर.

हळदीचा महिमा आपल्याकडेच आहे असेंहि नाहीं. जावा बेटांत शुभकार्याला हळद आणि नारळाचें दूध घालून पिवळा भात शिजवितात, आणि तेथील भाताच्या देवीचें नांव देवी श्री असें आहे. हें आम्हीं जेवतांना सांगितलें, तेव्हां मावशी म्हणाली, "म्हणजे आपलीच कीं ती! पण तिचीहि ओटी सुवासिनीनेंच भरायची असते का रे?"

याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. परंतु तो प्रश्न ऐकून वहिनीचा हात वाढतां वाढतां थांबला, आणि फोनवरच्या त्या कोड्याचा उलगडा तेथेंच झाला.

कृष्णेचें पाणी चढूं लागलें कीं गांवभागांतील सुवासिनी खालीं जाऊन तिची ओटी भरतात. ओटी घेतली कीं माय माघारीं फिरते, अशी समजूत. ऑगस्ट २०१९ मध्यें वहिनी मुलाला घेऊन माहेरीं पुण्यास गेली होती आणि महामार्ग पाण्याखालीं गेल्यामुळें तिकडेच अडकली. घरांत मावशी आणि आमचा मावसभाऊ, दोघेंच. आयर्विन पुलापाशीं ४० फुटांला इशारा आणि ४५ फुटांला धोका समजतात. पुण्यांत वहिनी फोनवर हे आंकडे पाहून कळवीत होती, आणि मावशी विचारीत होती, "तें असूं दे, पाणी कोणाच्या ओट्याला लागलें तें सांग." तें आपल्याच पायरीला लागलें त्या रात्रीं घरांत सुवासिनी कोणी नव्हती. वीस वर्षांमागें मेहुणे गेले तेव्हांपासून मावशीनें कोणाची ओटी भरली नव्हती. त्या रात्रीं तिनें देव्हाऱ्यांतला नारळ काढला, पेटीच्या तळचा एक जुना खण घेतला, आणि पायरीवर बसून आपल्या हातानें कृष्णाबाईची ओटी भरली. पाणी उतरलें नाहीं. ५७ फुटांच्या वर गेलें. तिसरे दिवशीं दोघांना माडीच्या खिडकींतून नावेंत घेतलें, तेव्हां मावशीच्या पदरांत देव होते आणि दुसरें कांहीं नव्हतें.

"माझ्या हातानें भरली म्हणून ती रागावली," मावशी आम्हांस म्हणाली. तिच्या स्वरांत रडणें नव्हतें. एखादा जमाखर्च सांगावा तसें ती सांगत होती. "म्हणून म्हटलें, वर वाईला सुवासिनीच्या हातून भरावी. पण माझें नांव नको तिच्या कानावर."

आम्हांला धरणें, विसर्ग, तिकडे अलमट्टीचा फुगवटा असें पुष्कळ कांहीं बोलतां आलें असतें, आणि थोडें बोललोंहि. त्याचा उपयोग झाला नाहीं. याच नदीचें पाणी खालीं नृसिंहवाडीस चढून दत्तपादुकांवरून दक्षिणदारानें बाहेर पडलें, कीं लोक त्याला सोहळा म्हणतात आणि स्नानाला धांवतात; मग तुझ्याच पायरीवर तें राग म्हणून कां यावें, हेंहि आम्हीं विचारलें. मावशी म्हणाली, "तिथें देव आहे बाबा."

वहिनी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आई, त्या रात्रीं आपल्या आळींतल्या साऱ्या जणींनीं भरली होती ना ओटी? त्या तर सगळ्या सुवासिनी. मग त्यांच्या घरांत छातीएवढें पाणी कां आलें?"

मावशी उत्तर न देतां पानावरून उठली. आम्हांस वाटलें, ती दुखावली.

सकाळीं हरिपूरला निघतांना तबक वहिनीनें तयार केलें. संगमावर उतरल्यावर ओटी भरावयास आमच्या मंडळी पुढें झाल्या, तों वहिनीनें तबक त्यांच्या हातीं न देतां मावशीपुढें धरलें. मावशी तिच्याकडे पाहत राहिली. मग "तूंहि हात लाव" असें म्हणून तिनें वहिनीचा हात आपल्या हाताखालीं घेतला, वाईहून आणलेले तांदूळ रुमालांतून सोडून तबकांत मिसळले, आणि दोघींनीं मिळून ओटी पाण्यांत सोडली. कुंकू मात्र मावशीनें वहिनीलाच वाहावयास लावलें. तेवढी रीति तिनें ठेवली, आणि आम्हींहि कांहीं बोललों नाहीं.

खण पाण्यावर थोडा वेळ तरंगून वारणेच्या धारेंत ओढला गेला. रस्त्यावर आल्यावर भडंग घेतलें. मावशीला लसूण चालत नाहीं म्हणून तिच्यासाठीं बिनलसणाचें वेगळें शोधावें लागलें. तें खातां खातां तिनें एकाएकीं विचारलें, "सूनबाई, तुझ्या त्या फोनांत बघ बरें, आज पुलापाशीं किती फूट पाणी आहे?"

"अहो आई," वहिनी हंसून म्हणाली, "माघांत कसले फूट!"

"तरी बघ," मावशी म्हणाली.