पालक

मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला गेलो, तेव्हा नातू सांभाळायची मनाची तयारी होती. घोरपड सांभाळावी लागेल असं कुणी बोललं नव्हतं.

"घोरपड नाही हो आजोबा, इग्वाना!"

काचेच्या कपाटात, फांदीवर, ते हिरवं ध्यान बसलेलं. नाकापासून शेपटीपर्यंत तीन फूट. "अजून वाढणार. पाच-सहा फूट!" नातवानं धीर दिला.

हिनं लगेच त्याचं नाव ठेवलं, यशवंती. (तो नर आहे हे नंतर कळलं, तोवर नाव रुळलं होतं.) आपली घोरपड मांसाहारी, हा इग्वाना मात्र शुद्ध शाकाहारी. हे ऐकलं आणि त्या दिवसापासून तो हिच्या माहेरचाच झाला. रोज सकाळी पालकाची जुडी निवडून, धुऊन, बारीक चिरून त्याच्यापुढे. पालक म्हणजे ताकद, हे आमच्या पिढीला कुणी शिकवावं लागत नाही.

माझ्याकडे वीजखातं. त्या कपाटावर दिवसाचे बारा तास दोन दिवे जळायचे, एक उबेचा आणि एक ट्यूबलाइट. बाहेर लख्ख ऊन, आणि आत ट्यूब! 'दिवा कुणी चालू ठेवला?' यावर ज्यानं उभा संसार केला, त्यानं हे कसं बघावं? मुलगी-जावई कामावर गेले की मी ट्यूब बंद करायचो आणि कपाट खिडकीशी सरकवायचो. ऊन फुकट. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की सगळं जागच्या जागी.

तीन महिन्यांनी यशवंती फांदीवर चढेना. मागचे पाय थरथरायला लागले, जबडा सुजला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं मऊ पडली होती.

"ट्यूब चालू असते ना?" त्यांनी विचारलं.

"बारा तास," मुलगी म्हणाली.

नातवानं माझा हात घट्ट धरला होता. मी गप्प बसलो. गाडीत बसल्यावर मात्र सांगून टाकलं. मुलगी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण ज्या किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते किरण काच अडवते. ड नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि पालकातलं ऑक्झॅलेट असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. म्हणजे बाहेरून मी अडवलं, आतून हिनं. बेचाळीस वर्षांच्या संसारात इतकं एकदिलानं आम्ही दुसरं काही केलं नसेल.

मग पालकाच्या जागी मोहरीचा पाला, कोलार्डची पानं आणि भोपळा आला. ट्यूबला टायमर बसला, माझा हात पोचणार नाही असा. पिचकारीनं औषध पाजायचं काम मी मागून घेतलं. पहिल्या दिवशी त्यानं शेपटीचा फटका दिला. तो मला मान्य होता. जबडा पुरता सरळ झाला नाही, पण आम्ही निघायच्या आधी तो वरच्या फांदीवर चढला. नातवानं टाळ्या वाजवल्या, आणि ही डोळे पुसायला आत गेली.

डोंबिवलीला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी सवयीनं स्वयंपाकघरातला दिवा मालवला. आतून आवाज आला, "अहो, माझी हाडं!"