शेवटची वायर

वसईतील आमच्या धर्मग्रामात तरुणांचा पाच जणांचा वाद्यवृंद आहे. टेम्पो मात्र एकाच्याच घरी. सारे दुखणे तेथेच होते.

सणाच्या रात्री शेवटचे गीत संपले की गायकांभोवती आप्तेष्टांचा गराडा पडे. आमची शाबासकीही तिकडेच जाई. ड्रम वाजविणारा मुलगा मागे एकटाच झांजा उतरवी, स्टँड मिटी, ध्वनिवर्धकांची जड खोकी आपल्या टेम्पोत चढवी. गिटार खांद्याला अडकविली की वादक मोकळा. ड्रमवाल्याचे तसे नसते. "फादर, पुढच्या सणाला मी नाही," असे तो म्हणाला, तेव्हा आम्ही त्याला सेवाभावावर चार शब्द सुनावले. त्या शब्दांची आज लाज वाटते.

१९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये ड्रम व झांजांना मनाई केली. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने इतर वाद्यांना दार किलकिले केले. सेमिनरीत हे सारे आम्ही घोकले. वाद्ये उचलायची कोणी, हे मात्र कोठेच लिहिलेले नव्हते!

मग सर्वांना पडवीत बसविले. खोके दोघांनी उचलायचे. लग्नाच्या बिदागीतून आधी डिझेलचे पैसे बाजूला काढायचे. वायरी कोपराभोवती आवळायच्या नाहीत, पीळ पडून आतल्या तारा तुटतात. सैल वेटोळी करायची. शेवटची वायर गुंडाळल्याशिवाय कोणी ताटावर बसायचे नाही. गायकाने घशाची सबब सांगितली. त्याच्या हाती ध्वनिक्षेपकांची पेटी दिली.

मुलगा परतला. गेल्या सणाला खोक्याचे दुसरे टोक आम्हीच धरले.

"फादर, कमरेत वाकू नका," तो म्हणाला, "गुडघ्यात वाका."