काठावरचं वजन

पहिल्यांदा फ्लायव्हील हलकं केलं तेव्हा मी वजनकाट्यावर भाळलो होतो. गाडी एस्टीम, १२९८ सीसीची, ऑटोक्रॉसला पळवायची. शिरोलीच्या लेथवाल्या काकांना सांगितलं, "सोपं जाईल तिथून दीड किलो काढा." त्यांनी मुकाट्यानं मधली जागा कातली. गाडीत बसवल्यावर फरक शपथेलासुद्धा नाही. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा काका म्हणाले, "कुंभाराच्या चाकाचं वजन कुठं असतं रे? काठालाच नव्हं? मग मधलं का सोलायला लावलंस?"

मध्यापासून १२ सेंटीमीटरवरचा एक ग्रॅम ६ सेंटीमीटरवरच्या चार ग्रॅमच्या बरोबरीचा असतो. तोच दीड किलो काठावरून गेला, तर पहिल्या गिअरला गाडीतून एक माणूस उतरल्यासारखं वाटतं. पाचव्याला मात्र जेमतेम भाजीची पिशवी उतरते. म्हणून हायवेवर हा खर्च वाया, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधल्या धुरळ्यात वसूल.

मधून पातळ केलेलं ते बीडाचं चाक मी भंगारात टाकलं. बीड दाबाला दणकट, ओढीला कच्चं. ६००० फेऱ्यांना काठ बाहेर ओढ घेतो. बारीक तडा असेल तर तुकडे क्लच हाउसिंग फोडून बाहेर येतात. रेसिंगचंच इंजिन असेल तर सरळ घडीव स्टीलचं घ्यावं, बीडाशी खेळू नये.

आता गिऱ्हाइकांची कामं करताना मी गाडीचं मूळ चाक कातत नाही, जुन्या बाजारातून दुसरं आणतो. कातून झालं की प्रेशर प्लेटसकट बॅलन्स. क्रँकची फ्लँज चिंधीनं लख्ख पुसायची. केसाएवढी कचकच राहिली तरी डायल गेजची सुई डोलते, आणि मग क्लच थरथरतो. मागचं ऑइल सील याच वेळी बदलायचं. तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स कोण उतरवणार! बोल्ट नवे, समोरासमोरचे, टॉर्क रेंचनं टप्प्याटप्प्यानं.

स्टार्ट केल्यावर ॲक्सिलरेटरला नुसता पाय लागला की काटा उसळतो, आणि पाय काढताच तितक्याच झटकन पडतो. गिऱ्हाईक हरखतं ते उसळण्यावर. मी त्याला पडणं दाखवतो: हेच चढावरच्या सिग्नलला होणार, क्लच सोडताना इंजिन सांभाळून घेणार नाही. कुणी ऐकत नाही.

मूळ चाक मी तेल लावून पोत्यात बांधून देतो, घरी जपून ठेवायला सांगतो. शहरात रोज फिरणारा असेल, तर सहाएक महिन्यांनी तेच पोतं डिकीत घालून परत येतो.