निवायला वेळ लागतो

दिवाळीच्या पहाटे तांब्याचा बंब पेटवणे हा आमच्या घरात अजूनही माझा हक्क आहे. निघोजे आता पूर्वीचे राहिले नाही. शेतांच्या जागी कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, रात्रपाळीच्या बसगाड्यांनी कोंबड्याचे काम हाती घेतले आणि घरोघरी विजेवर पाणी तापू लागले. परंतु नरकचतुर्दशीला आई चिंचेने घासून लखलखीत केलेला बंब अंगणात काढते, नि मी डोळ्यांत धूर घेऊन त्याच्यापाशी बसतो.

२०२५च्या दिवाळीत माझ्या शेजारी पुतणी येऊन बसली. ती एका प्रयोगशाळेत संशोधन करते. म्हणजे नेमके काय करते, हे तीन वर्षे घरात कोणालाच सांगता येत नव्हते. कोणी विचारले, की "काहीतरी स्फटिक करते," असे म्हणून दादा विषय बदलतो. आदल्या रात्री मात्र त्याने तो बदलला नव्हता. "तीन वर्षं झाली. झाला का स्फटिक?" असे त्याने जेवताना विचारले. "नाही, भुकटी झाली," ती म्हणाली. आलेल्या स्थळाला पाडव्याला होकार कळवायचा, असे सांगून दादा पानावरून उठला होता.

रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या प्रश्नपत्रिकेपाशी संपला. तरी मी म्हटले, "पोरी, मला कळेल असं सांग बघू."

तिने बंबावर टिचकी मारली. "काका, हे तांबं. त्याच्या आयनाला चार जोडीदार आवडतात. नायट्राइल म्हणजे टोकाशी कार्बन नि नायट्रोजन तीन बंधांनी जोडलेला रेणू. त्यातला नायट्रोजन धातूचा हात धरतो."

मग तिने मेलबर्नच्या रिचर्ड रॉबसन यांची हकीकत सांगितली. १९७४ साली ते विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांच्या प्रतिकृती करवून घेत होते. गोळ्यांना भोके कुठे पाडायची हे ठरले, की कोणती आकृती बांधली जाणार हेही ठरून जाते, असे त्यांच्या ध्यानात आले. १९८९ साली त्यांनी चार टोकांना नायट्राइल असलेला रेणू आणि तांब्याचे आयन एकत्र आणले, तेव्हा हिऱ्यासारखी रचना असलेली, पण आत पोकळ्या असलेली जाळी तयार झाली. किटागावा आणि याघी यांच्याबरोबर त्यांना २०२५चे नोबेल जाहीर झाले, ते त्याच ऑक्टोबरात. पहिल्या कल्पनेपासून एक्कावन्न वर्षांनी! गृहस्थ मास्तर निघाले, याचाच मला अधिक आनंद झाला.

"आणि तू काय करतेस?"

"स्वयंपाक!" ती हसली. टेफ्लॉनच्या पेल्यात धातूचा क्षार, नायट्राइल नि एखादा द्रव घालायचा, तो पेला जाड पोलादी डब्यात ठेवून झाकण पिळून बसवायचे आणि डबा भट्टीत सारायचा. ॲसिटोनायट्राइल उघड्यावर ८२ अंशांना उकळते. बंद डब्यात ते दीडशेच्याही वर नेता येते. तत्त्व आपल्या कुकरचेच. एरवी न विरघळणारे पदार्थ तेथे विरघळतात. मग भट्टी तासाला चार-पाच अंश अशी निववायची. एकदम निवली, तर असंख्य कण एकाच वेळी जमतात आणि हाती भुकटी येते. सावकाश निवली, तर थोडेच कण जमतात आणि तेच वाढत राहतात, खडीसाखरेसारखे.

"गंमत म्हणजे, घातलं तेच निघेल असं नाही," ती म्हणाली. आत पाणी असले, तर नायट्राइलचे आम्ल होऊ शकते. अझाइड असले, तर चार नायट्रोजन नि एक कार्बन यांचे कडे बनते, त्याला टेट्राझोल म्हणतात. काय झाले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा एक निर्दोष स्फटिक क्ष-किरणांत धरला, की किरण ठरावीक दिशांना विखुरतात, आणि त्या ठिपक्यांवरून गणिताने एकेका अणूची जागा काढता येते. भुकटीवरून ते फार अवघड.

"दोनदा भट्टी लावली, काका. दोनदा मध्येच वीज गेली."

"तासाला किती अंश म्हणालीस?"

मागे दादा उभा होता, खांद्यावर पंचा, अंगाला तेल. केव्हापासून ऐकत होता, देव जाणे.

"पाच, बाबा."

दादा कारखान्यात हीट ट्रीटमेंट खात्यात आहे. तो बंबाकडे बघत म्हणाला, "पोलाद मऊ करायचं असलं की आम्हीही ते भट्टीतच निवू देतो. घाईनं दार उघडलं, की सगळा माल वाया. साहेब ओरडला तरी उघडायचं नसतं." मग बादली भरून घेऊन तो न्हाणीघराकडे वळला. पुतणी काहीच बोलली नाही. तिने बंबात एक ढलपी सारली.

पाडव्याला दादाने फोन लावला. आम्ही सारे स्वयंपाकघरात कान देऊन उभे होतो.

"मुलीचं काम अजून भट्टीत आहे," एवढेच तो म्हणाला.

पलीकडच्या मंडळींना त्यातले काय कळले, कोण जाणे! स्फटिक अजून झालेला नाही. पण हल्ली पुतणीचा फोन आला, की दादा आधी तिला विचारतो, "वीज आहे ना गं?"