रवणीपूर्वीचे दिवस

शिरूर,
चैत्र वद्य पंचमी

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद, उपरि विशेष.

दौंडहून धाडलेले तुझे पत्र पावले. उबवणी यंत्राचे सर्व कप्पे भरल्याखेरीज वीज जाळणे तुझ्या हिशेबी स्वभावास मानवत नाही, आणि म्हणून बदकांची अंडी तू पंधरा-पंधरा दिवस ओसरीवरच्या पाटीत साठवून ठेवतोस, हे वाचून काटकसरीचे कौतुक वाटले. परंतु तिचा जमाखर्च तू एकाच बाजूने मांडला आहेस, असे लिहिणे मला भाग आहे.

अंडे बाहेर पडते तेव्हाच त्यातील गर्भाची वाढ सुरू झालेली असते. ते थंडावले की ती वाढ, कचेरीतल्या दाव्याप्रमाणे, तहकूब होते, रद्द होत नाही. ही तहकुबी टिकण्यास सुमारे २० अंश सेल्सिअसखालचा गारवा लागतो, आणि साठवणीस तर १३ ते १५ अंश तापमान व शेकडा ७५ च्या आसपास आर्द्रता उत्तम. भीमाकाठी या दिवसांत पारा चाळिशीला जातो. तुझी ओसरी कितीही सारवलेली असली तरी दुपारी ३० अंशांखाली राहणे नाही. अशा उष्म्यात गर्भ धड थांबत नाही, धड वाढतही नाही. क्षीण होतो आणि यंत्रात गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच दगावतो. सातव्या दिवशी दिव्यासमोर अंडे धरलेस आणि रक्तवाहिन्यांच्या जाळ्याऐवजी नुसते लाल कडे दिसले, तर ते अंडे फलित होते एवढे तरी निश्चित. बिचाऱ्या नराच्या माथी ठपका मारू नकोस.

गारव्यातही मुदत असतेच. टरफलाच्या छिद्रांवाटे कार्बनवायू व पाणी निघून जाते, पांढरा बलक पातळ होतो, बोथट टोकाकडील हवेची पोकळी वाढते, आणि आठवडा उलटला की उबवणीचा उतारा दिवसागणिक घटू लागतो. रानबदकाचा दाखला तू दिलास तो मार्मिक आहे: उजनीच्या फुगवट्यावरील हळदी-कुंकू बदकही रोज एक याप्रमाणे अंडी घालून सारी झाल्यावरच रवणीला बसते. पण त्याची वीण बव्हंशी पावसाळ्यातली; तुझ्या चैत्राशी तिची तुलना कशी व्हावी?

शिवाय ताजी व शिळी अंडी एकत्र लावलीस की शिळ्या अंड्यांतली पिल्ले काही तास मागाहून फुटतात. अठ्ठाविसाव्या दिवशी ताज्या अंड्यांतली पिल्ले काढण्यास तू दार वारंवार उघडतोस, आतला ओलावा निघून जातो, आणि चोच टेकलेले मागचे पिल्लू वाळलेल्या पडद्यातच अडकते.

तेव्हा तजवीज अशी कर: बदके पहाटेपर्यंत घालून मोकळी होतात, उन्हे येण्यापूर्वीच अंडी गोळा करावीत, प्रत्येकावर शिसपेन्सिलीने तारीख घालावी, निमुळते टोक खाली ठेवावे. विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून केलेला शीतकोठा आपल्या कोरड्या हवेत चांगला चालतो. तरीही वैशाखात चार-पाच दिवसांवर नको, मग यंत्र अर्धे राहो. शीतकपाटाचा मोह धरू नये. ते उबवणीच्या अंड्यास फारच थंड.

तुझी मामी म्हणते, खुडूक कोंबडी रिकामी बसली आहे. रविवारी एसटीने येऊन घेऊन जा. आठ-दहा अंडी तिच्याखाली मावतील. मात्र तिची सवय २१ दिवसांची, पुढचा आठवडा ती उठू नये यावर नजर ठेव.

तुझा,
मामा