केडगांवचा ठिबकता नळ

केडगांव म्हटलें कीं पुण्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें दौंड तालुक्यांतील, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनचें केडगांव उभें राहतें. मी ज्या गांवीं गेलों होतों तें निराळें. पुण्याहून नगरास येतांना सुपा, कामरगांव, चास हीं गांवें मागें पडलीं कीं शहराच्या तोंडाशीं लागतें तें हें केडगांव. रेणुकामातेचें देऊळ ही येथील ठळक खूण. आतां गांव महानगरपालिकेंतच मोडतें. आणि २०२४ पासून शहराचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें असलें, तरी आमच्या मामांच्या तोंडीं अजून 'नगर'च आहे.

गेल्या नवरात्रांत, घटस्थापनेच्या दोन दिवस आधीं, मी मामांकडे उतरलों. तीन पिढ्यांचें, चौदा माणसांचें घर. पहिल्याच रात्रीं झोंपेंत टप् टप् असा आवाज कानीं येऊं लागला. स्वयंपाकघराच्या मोरींतील नळ ठिबकत होता. सकाळीं कुतूहलानें मीं त्याखालीं लिटरभराचा तांब्या ठेविला. तो दोन तासांत भरला. म्हणजे दिवसास बारा लिटर! पुण्यांत हा आंकडा आमच्या घरीं कोणीं मनावर घेतला नसता. पण केडगांवांत पाणी रोज येत नाहीं. राहुरी तालुक्यांतील मुळा धरणांतून तें पंपानें विळदला, तेथून वसंत टेकडीवर आणि मग गांवांत, असें चढउतार करीत येतें. वाटेंत वीज गेली किंवा मोठी नळी फुटली कीं सगळ्या पाळ्या पुढें सरकतात. म्हणून गच्चीवरील टाकी भरलेली असणें म्हणजे येथें कणगींत धान्य असण्यासारखेंच आहे.

नळ दुरुस्त करणें अवघड नव्हतें. अवघड होतें तें पाणी अडविणें. टाकीखालच्या नळीवर एक चावी होती खरी, पण क्षारांनीं ती अशी जखडली होती कीं अर्धा वेढा फिरून अडे. जोर करावा तर दांडा मोडून सारी टाकीच अंगणांत यावयाची. नळवाल्यानें फोनवर सांगितलें, "टाकी रिकामी करून ठेवा, मग येतों." परवां घट बसणार, बाहेरगांवचीं सात माणसें येणार, सोवळ्याचें धुणें, नैवेद्य, आणि पुन्हां पाणी केव्हां येईल याचा नेम नाहीं. मामी म्हणाल्या, "टाकींतलें तांब्याभर पाणीसुद्धां मी सोडूं देणार नाहीं."

मामींचें माहेर नगर शहरांतील जुन्या वाड्यांतलें. १४९० सालीं अहमद निजामशहानें हें शहर वसविलें, आणि पुढें कापूरवाडी वगैरे ठिकाणांहून खापरी नळांनीं येथें पाणी आणिलें गेलें. तें निवळ उतारानें वाहत येई व हौदांत पडे. मामींच्या लहानपणीं वाड्यांतला हौद आडाच्या पाण्यानें भरीत, आणि त्याची तोटी बंद करीत ती लांकडी गुडदी ठोकून. तें आठवून त्या म्हणाल्या, "अरे, चावीशीं काय झगडतां? आंतून टाकीच्या तोंडालाच गुडदी मारा कीं."

मग गच्चीवर सर्वांची सभा भरली. मामेभावानें लांकडाचा निमुळता तुकडा तासला व त्यावर धुतलेल्या जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. गुडदी तोंडाहून जाड हवी; नाहींतर पाण्याच्या ओढीनें ती नळींत शिरून बसावयाची. शिवाय तिला दोरी बांधून टोंक बाहेर ठेवावें. टाकी सिमेंटची, बुटकी. भावानें पालथें पडून, खांद्यापर्यंत हात घालून, गुडदी बसविली. त्याचे पाय मीं धरले होते, एवढें माझें कर्तृत्व.

खालीं येऊन मोरींतील नळ उघडला. क्षणभर धार आली आणि थांबली. पाणी संपलें असें समजून मीं पान्यानें नळाचें डोकें सोडविलें मात्र, भस्सकन् बादलीभर पाणी माझ्या अंगावर! वरून तोंड बंद झाल्यामुळें नळींत हवा शिरली नव्हती, आणि पाणी तेथेंच लोंबकळत राहिलें होतें. आधीं वरच्या मजल्यावरील नळ उघडून हवेस वाट द्यावयास हवी होती. मुलांनीं टाळ्या पिटल्या.

पुढचें काम अर्ध्या तासाचें. एका पान्यानें नळाचें अंग घट्ट धरावें व दुसऱ्यानें डोकें फिरवावें, म्हणजे भिंतींतील नळीस पीळ बसत नाहीं. आंतून रबरी वायसर निघाला; त्यावर गोल खांच पडली होती. पेच फिरवून दाबानें बंद होणाऱ्या या नळाचें पेटंट इंग्लंडांतील रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स यांनीं १८४५ सालीं घेतलें. कल्पना अजून तीच आहे. आरंभीं वायसर चामड्याचे असत, म्हणून आपल्याकडील कित्येक सोवळ्या घरांनीं नळाचें पाणी वर्ज्य मानिलें होतें. मामांनीं ती गोष्ट काढतांच मामींनीं "आतां रबरी आहे ना?" एवढेंच विचारून विषय मिटविला.

खरा अपराधी वायसर नव्हे, क्षार. वायसर ज्या बैठकीवर टेकतो तिच्यावर पांढरीं पुटें चढलीं होतीं. नळ गळूं लागल्यापासून जो तो त्यास अधिकच आवळी, आणि त्या खडबडीत पुटांवर वायसर आणखी चिरत जाई. बैठक साफ न करितां नुसता वायसर बदलणाऱ्यास थोड्याच दिवसांत पुन्हां पाना शोधावा लागतो. आम्हीं लिंबाच्या रसाचा बोळा कांहीं वेळ आंत ठेवून मग फडक्यानें ती घासून काढली.

घरामागील नळ थेट पालिकेच्या नळीवर आहे. त्यास गुडदी नको. पाळी नसते तेव्हां नळी आपोआप कोरडीच. मात्र ती उघडी टाकूं नये, रिकामी नळी बाहेरील घाण पाणी आंत ओढून घेते. पाण्याचा तुटवडा असेल तेथें अशी दुरुस्ती सोपी, ही गंमत मला सुचली होती; पण ती मामींपुढें बोलण्याची नव्हती.

डोकें पुन्हां बसवून, नळ अर्धवट उघडा ठेवून, वर दोरी हळूहळू ओढली. नळानें दोनचार ठसके दिले, थोडें मातकट पाणी आलें, मग स्वच्छ धार. टाकींतील पाणी बोटभरसुद्धां उतरलें नव्हतें. रात्रीं तांब्या पुन्हां नळाखालीं ठेविला. सकाळीं तो कोरडा होता.

चावी नवरात्रानंतर बदलावयाची ठरली. गुडदी मी फेंकून देणार होतों. मामींनीं ती दोरीसकट उन्हांत वाळविली आणि फडताळांत समयांशेजारीं ठेवून दिली.